नव्याण्णव शेळ्या कोणाच्या भरवशावर?

मिशन ही बाहेरून आपल्याकडे येणारी गोष्ट आहे, अशीच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून बेळगावला आले. १८३२ मध्ये त्यांनी सुरू केलेली शाळा आज सारे शहर बेननस्मिथ हायस्कूल म्हणून ओळखते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सारे काम अमेरिकन मेथॉडिस्टांच्या हाती गेले. गोरे साहेब आले, मडमा आल्या, शाळा आणि दवाखाने आले, पुढे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आपलेच झाले; पण देणारा समुद्रापलीकडचा आणि घेणारे आपण, ही मांडणी मनातून हलली नाही. त्यामुळे आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, काहीजण एप्रिलच्या सुट्टीत नेपाळला मुलांची सुट्टीतील बायबल शाळा घ्यायला जाणार आहेत, अशी सूचना उपासनेनंतर वाचून दाखवली गेली तेव्हा बाकांवर जी कुजबूज झाली तिच्यात कौतुकापेक्षा अचंबाच अधिक होता.

माझ्या मावशीने कुजबूज केली नाही. तिने चर्चच्या पायऱ्यांवरच मला गाठले आणि विचारले, "हितं काय पोरं कमी पडल्यात काय गं, तिकडं परमुलखाला जायाला?"

या प्रश्नाला मंडळीत कोणीही नीट उत्तर दिले नाही, आणि मला तो प्रश्न टाळण्यासारखा वाटत नाही. मुले इथे कमी नाहीत. अथणी, रायबाग, चिकोडीकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड आणि विजयपूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली मुले शाळेच्या वेळेत कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर, धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली दिसतात. निपाणीत आईच्या शेजारी बसून विड्यांना दोरा बांधणाऱ्या मुलींच्या पिढ्या आम्ही पाहिलेल्या आहेत. अशा वेळी पुण्यापर्यंत एक गाडी, तिथून गोरखपूरपर्यंत दुसरी, मग सीमेपर्यंत बस, आणि पुढे डोंगर चढून परक्या मुलांपुढे कृतिगीते म्हणायची, याचे समर्थन करायचे तर ते "प्रभूने हाक दिली" एवढ्यावर भागवता येणार नाही, असे मला जाण्याआधीही वाटत होते.

माझ्या शंकेला आणखी एक कारण होते. अशा दौऱ्यांची दुसरी बाजू मी लहानपणी पाहिलेली आहे. आमच्या गावात चौथीपर्यंतच मराठी शाळा होती, म्हणून वडिलांनी मला मिशनच्या एका मुलींच्या वसतिगृहात ठेवले. दर हिवाळ्यात तिथे परदेशी पाहुणे येत. ते येणार असले की आदल्या दिवशी आमची डोकी खसाखसा धुतली जात, ट्रंकेतले ठेवणीतले फ्रॉक बाहेर निघत, आणि अर्थ न कळता घोकलेले एक इंग्रजी गीत आम्ही हातवाऱ्यांसह म्हणून दाखवत असू. पाहुणे फार प्रेमळ असत, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ते आम्हाला मांडीवर घेत, फुगे देत, फोटो काढत, आणि निघताना त्यांचे डोळे पाणावलेले असत. आम्हीही रडत असू. पण ते रडणे पाहुण्यांनी समजून घेतले तसे नव्हते. घर सोडून आलेल्या मुलीला कोणीही प्रेमाने जवळ घेऊन दोन दिवसांत निघून गेले की आईवडिलांचा एसटी स्टँडवरचा निरोपच तिला पुन्हा आठवतो, हे त्या पाहुण्यांना कोण सांगणार? नाताळच्या सुमारास प्रायोजकांना पत्रे लिहायची असत. बाई फळ्यावर मजकूर लिहून देत आणि आम्ही तो जसाच्या तसा उतरवून खाली आपापले नाव घालत असू. ज्या बाईंचे नाव माझ्या पत्रावर असे त्यांना माझ्याविषयी काय ठाऊक होते, याचा विचार मी आजही कधीतरी करते.

एक पाहुणी मात्र वेगळी होती. तिने आम्हा मुलींशी फारसे बोलणेही केले नाही. ती जितके दिवस राहिली तितके दिवस आमच्या शिवणाच्या बाईंबरोबर मागच्या खोलीत बसून बंद पडलेली पायमशीन दुरुस्त करत आणि कागदावर बेतकाम समजावत राहिली. तिचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या नंतरच्या वर्षांत वसतिगृहातल्या सगळ्या मुलींचे परकर-पोलके घरीच शिवले गेले आणि शिवणाच्या बाईंच्या आवाजात एक नवा दरारा आला, हे मात्र पक्के आठवते.

म्हणून जेव्हा माझे नाव यादीत आले, तेव्हा मी एकच अट घातली: मुलांना शिकवायचे ते तिथल्या शिक्षकांनी, आपण त्यांच्या मागे बसायचे. तरुण मंडळींना ही अट रुचली नाही. त्यांनी गिटार, बोलक्या बाहुल्या, रंगीत टी-शर्ट अशी जय्यत तयारी केली होती, आणि इतक्या लांब जाऊन मागे बसायचे म्हणजे लग्नाला जाऊन उष्टी काढण्यासारखे आहे, असे एकाने बोलूनही दाखवले. पाळकसाहेबांनी मात्र माझी बाजू घेतली, आणि त्यांचे कारण माझ्यापेक्षा अधिक व्यवहारी होते.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ (३) नुसार कोणाचेही धर्मांतर करणे हा दंडनीय अपराध आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अपराधी परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याची देशाबाहेर रवानगी होते. आम्हा बेळगावकरांना हे काही परग्रहावरचे वाटण्याचे कारण नव्हते. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने संमत केले ते इथल्याच सुवर्ण विधानसौधात, आणि त्या दिवसांत आपल्याच घरात प्रार्थनासभा घ्यायलाही माणसे कचरत होती, हे आमच्या ताज्या आठवणीतले आहे. तेव्हा ठरले ते असे: स्थानिक मंडळीच्या सभासदांचीच मुले येतील, त्यांच्या आईवडिलांची संमती तिथले पाळक घेतील, मुलाबरोबर कोणीही मोठे माणूस एकटे राहणार नाही, भेटवस्तू आपण वाटणार नाही आणि मुलांचे फोटो काढणार नाही. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद झाला. देणगीदारांना दाखवायचे काय, असा प्रश्न चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी विचारला. हिशेब दाखवावा, असे पाळकसाहेब म्हणाले, आणि तो विषय तिथेच थांबला.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. महिला मंडळाने प्रेमाने बांधून दिलेल्या बेळगावी कुंद्याने गोरखपूरच्या उन्हात मान टाकली, एवढे नोंदवून पुढे जाते. सोनौलीची कमान ओलांडायला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, व्हिसा तर नाहीच. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. भैरहवा, बुटवल, आणि तिथून सिद्धार्थ राजमार्गाने वळणे घेत पाल्पा जिल्ह्यात. तानसेन गावाचे नाव आमच्यातल्या जुन्या लोकांनी ऐकलेले होते, कारण युनायटेड मिशन टू नेपाळ या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे रुग्णालय तिथे आहे. त्याआधी नेपाळ परदेशी मिशनऱ्यांना जवळजवळ पूर्ण बंद होता. अठराव्या शतकात काठमांडूत राहिलेल्या कॅपुचिन या कॅथलिक संघाच्या पाद्रींना १७६९ मध्ये देश सोडावा लागला, आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षे दार उघडले नाही. गंमत अशी, की मिशनरी विल्यम केरींच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला आणि १८२१ मध्ये नेपाळी. म्हणजे शास्त्र तिथे पोहोचायला तयार होते, माणसांनाच मज्जाव होता. त्यामुळे नेपाळी मंडळी वाढली ती मुख्यतः नेपाळी माणसांच्याच हातून, आणि आमच्याकडे दिसणारी ती साहेबाकडे पाहण्याची सवय तिथे मला फार कमी आढळली.

आमचा मुक्काम तानसेनपासून आत, डोंगरउतारावरच्या एका गावात होता. शाळांचे निकाल लागून गेलेले आणि वैशाखात सुरू होणारे नवे वर्ष तोंडावर, त्यामुळे मुले मोकळी होती. मोकळी म्हणजे शेळ्यांमागे, गवताच्या भाऱ्यांमागे आणि धाकट्यांच्या मागे. उपासना शनिवारी, कारण तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारची. पादत्राणे दाराबाहेर, आत गुंद्रीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायचे, स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या, मादल या ढोलकीसारख्या वाद्याच्या तालावर भजने. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला, हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी देशभरची मंडळी चर्चमध्ये बसलेली होती आणि काही ठिकाणी छत त्यांच्यावरच कोसळले, हे मी गुंद्रीवर मांडी घालून ऐकले तेव्हा माझी नजर आपोआप वरच्या पत्र्याकडे गेली. त्याच शनिवारमुळे शाळा मात्र रिकाम्या होत्या, असे सांगणाऱ्या बाईंनी पुढे जोडले, आणि या दोन गोष्टींपैकी कशासाठी आभार मानायचे आणि कशासाठी रडायचे हे आम्ही अजून ठरवलेले नाही, असेही म्हणाल्या.

या बाई म्हणजे तिथल्या मुलांच्या शिक्षिका. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण शिकवणारी म्हणून सगळ्यांच्याच दिदी. आठवडाभर त्या मागावर ढाका नावाचे कापड विणतात. पाल्प्याचा ढाका टोप्यांसाठी प्रसिद्ध आहे. शनिवारी मुले सांभाळतात. आम्ही छापील पाठ, रंगवायची चित्रे आणि सुवर्णवचनांची, म्हणजे पाठ करायच्या बायबलवचनांची, कार्डे घेऊन गेलो होतो. पहिला पाठ हरवलेल्या मेंढराचा. दिदींनी तो आदल्या रात्री आमच्याबरोबर बसून हिंदीत समजून घेतला आणि सकाळी एक जुनी घोंगडी भिंतीला टांगली. तिच्यावर चिकटवायला त्यांनी ढाक्याच्या चिंध्यांतून जनावरे कापली होती, पण मेंढरे नव्हेत, शेळ्या. त्या गावात मेंढरे कोणाकडेच नाहीत.

येशूने सांगितलेला हा दाखला, म्हणजे बोधकथा, मी आजवर आमच्या रविवारच्या शाळेत किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. शंभरांतले एक हरवते, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधाला जातो, सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. मुले माना डोलावतात, मेंढरू रंगवतात आणि घरी जातात. तिथे दिदी "नव्याण्णव सोडून" इथवर आल्या आणि मागच्या रांगेत बहिणीला मांडीवर घेऊन बसलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा ताडकन म्हणाला, "चितुवाले खाइहाल्छ नि!" बिबट्या खाऊन टाकेल की! त्याच्या स्वरात खोडसाळपणा नव्हता. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याची बेफिकिरी पाहून येते तसली चीड होती. तिन्हीसांजेला डोंगरावर नव्याण्णव शेळ्या उघड्या टाकून जाणारा कसला गोठाळा?

आमच्यातला टी-शर्टवाला तरुण रंगवायच्या चित्रांचा गठ्ठा हातात धरून उभा होता. त्याच्या पाठात यापुढे चित्र वाटायचे होते. दिदींनी त्याला हातानेच थांबवले आणि मुलालाच विचारले, मग तू काय केले असतेस? तो म्हणाला, आधी सगळ्या खोरात, म्हणजे कोंडवाड्यात, कोंडल्या असत्या, मग टॉर्च आणि काकाला घेऊन गेलो असतो. पुढच्या रांगेतली एक मुलगी उसळून म्हणाली, तोवर ती एकटी राहिलेली मेली नसती का? यावर दोन तट पडले. कोणाची शेळी कधी कुठल्या घळीत सापडली, कोणाची सापडलीच नाही, कोणाला बापाने त्यापायी किती बदडले, हे सगळे निघाले. दिदी मध्ये बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, अंधार पडल्यावर शेळी शोधायला कोण कोण गेले आहे? निम्म्याहून अधिक हात वर झाले. भीती वाटली का? हात खाली येईनात. मग त्या म्हणाल्या, या गोष्टीतला मालकही असाच घाबरलेला होता, तरी गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही मेंढरे डोंगरावर सोडलेली आहेत आणि लूकच्या शुभवर्तमानात रानात, हे मी वाचलेले होते; त्या डोंगरावर बिबट्या असू शकतो आणि ते जाणे म्हणजे जोखीम होती, ही गोष्ट बेळगावच्या कॅम्पातल्या पंख्याखाली बसून माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. सापडल्यावर मालकाने शेजाऱ्यांना बोलावून आनंद केला, इथे दाखला संपला, तेव्हा त्याच मुलाने शांतपणे हिशेब मांडला: शेजाऱ्यांना जेवण घातले म्हणजे त्यात आणखी एक शेळी गेली असणार. दिदी इतक्या हसल्या की घोंगडीवरची एक चिंधी गळून पडली.

तो पाठ मी शिकवला असता तर काय झाले असते, याची कल्पना मला करता येते. मुले पाहुणीकडे टुकुटुकु पाहत राहिली असती आणि बिबट्याचे नावही कोणी काढले नसते. पाहुण्यापुढे मुले वाद घालत नाहीत. ती त्याला खूश करतात. आणि खूश करणारी मुले पाहून पाहुणा समजतो की काम उत्तम झाले. अल्प मुदतीच्या सेवेतला सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो: मुलांचे प्रेम फार लवकर आणि फार स्वस्तात मिळते, आणि त्याची किंमत आपण निघून गेल्यावर दुसरेच कोणीतरी भरते.

याच ओघात एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. परतीच्या वाटेवर एका बालगृहाने आम्हाला आग्रहाचे निमंत्रण दिले: मुले तुमच्यासाठी नाच बसवत आहेत, थोडा वेळ तरी या. आम्ही गेलो नाही, आणि त्यावरून गटात रुसवेफुगवे झाले. नेपाळात १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून शिक्षणाचे आमिष दाखवून मुले काठमांडूकडे आणली गेली आणि आईबाप जिवंत असताना ती अनाथ म्हणून पाहुण्यांपुढे उभी केली गेली, हे उघड झालेले सत्य आहे. २०१५ च्या भूकंपानंतर सरकारला मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले ते याच भीतीने. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. त्यांना तिथे आणते ती गरिबी. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या हानीचा उल्लेख केला. सगळी बालगृहे अशी असतात, असे मी म्हणणार नाही. त्या विशिष्ट घराविषयी तर मला काहीच म्हणायचे नाही. पण पाहुणे येतात म्हणून नाच बसवावा लागणे, एवढे मला न जाण्यासाठी पुरेसे होते. माझे वडीलही जिवंत होते, आणि मीही हातवाऱ्यांसह गात होते.

घरी आल्यावर साक्ष देण्याची, म्हणजे आपला अनुभव मंडळीपुढे सांगण्याची, सभा झाली. तरुणांनी मनापासून सांगितले की आमचे जीवन बदलले, आम्ही गरिबी पाहिली, आता आम्ही तक्रार करणार नाही. मला त्यांचा खरेपणा मान्य आहे, पण या भाषेचा मला त्रास होतो. आपल्या पोरांची आत्मिक वाढ व्हावी म्हणून पाल्प्याची पोरे डोंगरावर राहत नाहीत. तक्रार न करण्याचा धडाच घ्यायचा असेल तर रायबागच्या कोपीपर्यंतचे तिकीट बरेच स्वस्त पडते, आणि इथेच मावशीचा प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहतो. त्यावर माझे उत्तर एवढेच, की आम्ही मुलांसाठी गेलो नव्हतो. तिथल्या पाच-सहा मंडळ्यांच्या शिक्षकांनी रोज दुपारी आमच्याबरोबर बसून वर्षभराचे पाठ बसवले, आम्ही नेलेल्यांपैकी अर्धे मोडीत काढले, आणि आमच्याकडून जे मागून घेतले ते म्हणजे हजेरीचे वेळापत्रक, पाठाची आखणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम. या कामाला माणूस तिथे जाऊन बसावा लागतो. मावशीला हे मी सांगितले. ती म्हणाली, "मग कोपीतल्या पोरांच्या मास्तरणींबरोबर कवा बसतीस?" तिचे म्हणणे खरे आहे; पुढचा हंगाम सुरू झाला की दर पंधरवड्याला चिकोडीकडे जाऊन तिथल्या हंगामी शाळेच्या बाईंबरोबर बसायचे ठरले आहे, आणि मावशी स्वतःच डबा घेऊन बरोबर येणार म्हणते.

दिदी आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी एक शिक्षिका यांना बेळगावला बोलवावे, असा ठराव मी पंच कमिटीपुढे ठेवला आहे. आमच्या शिक्षकांना त्यांनी गोष्ट सांगायला शिकवावे, एवढेच काम. मे महिना त्यांना सोसवणार नाही. ऑक्टोबरातल्या दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या शाळा बंद असतात आणि त्यांच्याकडेही दशैंची सुट्टी असते. तारखांचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटतो, पण दशैंला त्यांची माणसे दूरदूरहून घरी येतात आणि त्या वेळी घर सोडणे त्यांना अवघड जाईल. ठराव अजून मंजूर झालेला नाही. एका पंचांचे म्हणणे पडले, की आपण नेपाळच्या माणसांना इकडे बोलावून त्यांच्याकडून शिकायचे, हे मंडळीच्या देणगीदारांना पटवून देणे कठीण जाईल. मी त्यांना विचारले, कठीण का? बैठक आटोपेपर्यंत ते काही बोलले नाहीत, पण प्रवासखर्चाचा अंदाज पुढच्या बैठकीत मांडा, असे त्यांनीच सुचवले. गोरखपूर ते पुणे स्लीपरचे भाडे मी काढून ठेवले आहे.